चाळीस नंबर कोण?

ऑड्री डमिट्रिक यांचं पत्र मला १९९६ च्या जुलैत आलं. रेघांच्या वहीतून फाडलेलं एक पान, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. शेवटी जागा उरली नाही म्हणून सही समासात उभी केलेली. पत्रात प्रश्न एकच होता: 'त्या रविवारी तुम्ही माझ्या मुलात काय पाहिलंत?' मी उत्तर दिलं नाही. आधी आठवडाभर दिलं नाही, मग तो उन्हाळा, मग अठ्ठावीस वर्षं. पत्र मी मोठ्या शब्दकोशात ठेवलं आणि त्यानंतर एखादा शब्द पाहायचा झाला तर लहान कोश वापरत आलो.

मी सास्काटूनमधल्या एका शाळेत ग्रंथपाल होतो. शनिवार-रविवारी आईस हॉकी खेळणारी पोरं पारखायचं काम करायचो. हे दुसरं काम मला कसं मिळालं याचं मला अजून नवल वाटतं. मी स्वतः धड खेळलेलो नाही. लहानपणी मला गोलात उभं करायचे, कारण तिथे पळावं लागत नाही. पुढे शाळेच्या सामन्यांची वर्णनं मी वर्तमानपत्राला पाठवायचो. ती कुणीतरी वाचली आणि म्हटलं, हा माणूस जे दिसतं तेवढंच लिहितो. ते खरं होतं.

आमचं कार्यालय कुठल्या एका क्लबचं नव्हतं. दर जूनमध्ये व्यावसायिक क्लब एकत्र बसतात आणि अठरा वर्षांची मुलं पाळीपाळीनं निवडून घेतात. तो ड्राफ्ट. त्याआधी आमचं कार्यालय मुलांची क्रमवार यादी काढायचं आणि ती सगळ्या क्लबांकडे जायची. क्लबांची स्वतःची माणसंही फिरत असत, पण आमच्याकडे गावं लांब लांब, हिवाळ्यात रस्ता कधी बंद होईल याचा भरवसा नाही. त्यामुळे सास्काचेवानच्या मुलांबद्दल पुष्कळ जण माझ्या चार ओळी वाचूनच मत बनवत. मला हे माहीत होतं.

बाकीचे पारखी मला मास्तर म्हणत. त्यांच्यातला रोली बोशमँ तेवढा माझ्या शेजारी बसायचा, कारण मी बोलत नसे आणि त्याला ऐकणारा हवा असायचा.

"मास्तर, गोल झाला."

"दिसला."

"कुणी मारला?"

"नऊ नंबरनं."

"नऊ नंबरला आईबापांनी काही नाव ठेवलंय की नाही?"

"ते नंतर बघतो."

ही माझी पद्धत होती. वहीत मी नावं लिहीत नसे, फक्त नंबर. नाव वाचलं की डोळे नावाकडे बघतात, मुलाकडे बघत नाहीत, असं मला वाटायचं. घरी आल्यावर छापील यादी समोर ठेवायची आणि नंबरापुढे नाव घालायचं. या पद्धतीचा मला थोडा अभिमानही होता. माझ्यासारख्या माणसाला अभिमान वाटण्यासारखं फारसं काही नसतं, म्हणून जे असतं ते तो जपतो.

कर्टिस डमिट्रिक सतरा नंबर होता. डाव्या हाताचा, अंगानं बारीक, पण पाय असे की बर्फावर आवाजच व्हायचा नाही. जानेवारीत मी त्याच्या घरी गेलो. मुलाचं घर पाहायचं असा रिवाज होता. डॉव्हरन हे गाव म्हणजे धान्याचं कोठार, चर्च, बर्फाची रिंक आणि दोन रस्ते. वडील पोटॅशच्या खाणीत पाळीवर होते. ऑड्रीबाईंनी बटाट्याचं सारण भरलेल्या पेरोगी उकडल्या होत्या, वर परतलेला कांदा आणि आंबट साय. माझ्या ताटलीत त्यांनी तीनदा वाढलं आणि मला नको म्हणता आलं नाही. कर्टिस समोर मान खाली घालून जेवत होता. तो माझ्यापेक्षा लाजाळू होता, आणि कदाचित त्यामुळेच मला तिथे बरं वाटलं. निघताना बूट घालता घालता मी म्हणालो, "पहिल्या पन्नासात असेल तो."

असं बोलायचं नसतं. कुणी विचारलंही नव्हतं. ऑड्रीबाईंनी एका डब्यात उरलेल्या पेरोगी भरून दिल्या. तो डबा मी परत केला नाही, तोही अजून माझ्याकडे आहे.

तो रविवार फेब्रुवारीतला. उत्तरेकडच्या एका गावातला दुपारचा सामना, बाहेर उणे चौतीस. रोली त्या दिवशी नव्हता. दुसऱ्या सत्राच्या शेवटी सतरा नंबरच्या तोंडावर कुणाची तरी स्टिक लागली आणि तो नाक धरून आत गेला. बर्फावर रक्त पडलं, ते खरवडून काढलं. मध्यंतर झालं.

मध्यंतरात बाकीचे लोक कॉफीपाशी उभे राहून बोलतात. मला ते कधीच जमलं नाही. मी गाडीत जाऊन बसायचो. इंजिन गोठू नये म्हणून गाडी तारेनं खांबावरच्या विजेला जोडलेली असायची. मी ती चालू करायचो आणि वाचायचो. त्या दिवशी प्रकरण संपायला दोन पानं उरली होती. मी ती संपवली. आत आलो तेव्हा तिसरं सत्र सुरू होऊन दोन-तीन मिनिटं झाली होती.

कोपऱ्यात वरच्या बाकावर माझी जागा होती. सतरा नंबर बर्फावर होता. मी लिहिलं: '१७ परत आला. तोंडावर जाळी नाही. धीट.' मग समोरच्या संघाचा एक जण पक, म्हणजे ती रबरी चकती, घेऊन सुटला. सतरा त्याच्यामागे पाच पावलं गेला आणि त्यानं पाय सोडून दिले. सरळ उभा राहून घसरत तो बेंचकडे गेला. मी 'धीट' खोडलं आणि लिहिलं: 'थांबला. मागे वळला नाही.' त्याच क्षणी पलीकडच्या टोकाकडून सतराच्याच संघातला दुसरा एक मुलगा धावत आला. त्याला गाठता येईल असं वाटत नव्हतं, तरी तो आला, अंग झोकून आडवा झाला आणि स्टिकच्या टोकानं त्यानं पक बाजूला ढकलला. गोल झाला नाही, त्यामुळे सामन्याच्या कागदांत याची नोंद कुठेच नाही. त्याच्या पाठीवर नाव नव्हतं, नंबर चाळीस, आणि तोंडावर जाळी होती. मी समासात लिहिलं: '४० कोण?' आणि त्याभोवती गोल काढला.

घरी येऊन छापील यादी पाहिली. तिच्यात चाळीस नंबर नव्हता. विचारायचं तर फोन करायला हवा होता, आणि अनोळखी माणसाला फोन करायचा म्हणजे मला आधी दोन दिवस मनाची तयारी करावी लागे. असेल कुणी बदली खेळाडू, असं म्हणून मी सोडून दिलं.

वसंतात आमची बैठक टोरांटोच्या एका हॉटेलात झाली. भिंतीवर लोखंडी फळा, त्यावर प्रत्येक मुलाच्या नावाची पट्टी, मागे चुंबक. ग्लेन मॅकॉर्डिक आमचा प्रमुख. तो पट्ट्यांना हात लावायचा तेव्हा खोलीत कुणी चमचाही हलवत नसे.

"डमिट्रिक, एकतीस. कुणाला काही म्हणायचंय?"

"मला आवडतो," पलीकडून एक जण म्हणाला. "एकतीससुद्धा खालीच वाटतं."

"मास्तर, तुझ्या भागातलं पोरगं. तू गप्प का?"

"तो गप्प नसतो कधी?" रोली म्हणाला. लोक हसले.

मी वहीतून वाचलं. दोन वाक्यं होती.

"पुन्हा वाच," मॅकॉर्डिक म्हणाला.

मी पुन्हा वाचलं.

"एकदाच थांबला ना?" रोलीनं विचारलं. "त्या दिवशी नाक फुटलं होतं त्याचं म्हणतात."

"नाकानं पळतात का रे?" मॅकॉर्डिक म्हणाला.

"तसं नाही, पण एकदाच ना?"

"मी एकदाच पाहिलं," मी म्हणालो.

"मास्तर कुणाबद्दल वाईट बोलत नाही," मॅकॉर्डिक म्हणाला. "स्वतःच्या बायकोबद्दलसुद्धा कधी बोलला नाही."

"त्याला बायको नाही."

"तरीसुद्धा."

पुन्हा हसले. मॅकॉर्डिकनं पट्टी उचलली. जरा वेळ ती हातात धरून उभा राहिला. मग खालच्या ओळीत, नंतर त्याच्याही खालच्या ओळीत, आणि शेवटी दाराजवळच्या फळ्यावर लावली. एकशे सत्तेचाळीस. आमच्या धंद्यात हातांचं कसब कमी पडलं, उंची कमी पडली तर चालतं. पण पक गेल्यावर आपल्या गोलाकडे मागे न वळणारा मुलगा नको असतो. एकदा ते लिहिलं गेलं की पुढचा माणूस तेच शोधायला जातो. ड्राफ्टच्या आधी दोन क्लबांनी मला त्याच्याबद्दल फोन केले. मी त्यांनाही तीच दोन वाक्यं वाचून दाखवली. जूनमध्ये दोनशेच्या वर नावं पुकारली. त्याचं नव्हतं.

मग ते पत्र आलं. प्रश्नाच्या आधी त्यात असं होतं: 'कोच म्हणतात, त्या रविवारनंतर तो तुमच्या यादीत खाली गेला. त्या दिवशी त्याचं नाक फुटलं. जर्सी रक्तानं भरली, आणि रक्ताच्या जर्सीत खेळू देत नाहीत. म्हणून पुढे तो जाळी लावून, बिननावाच्या चाळीस नंबरच्या जर्सीत खेळला. त्याची जर्सी तिथेच थंड पाण्यात धुतली. मग त्याच्याच संघातल्या ट्रॉयची फाटली तेव्हा दुसरी नव्हती म्हणून त्याला ती ओलीच घालायला दिली. आमच्याकडे परत आली ती घामट आणि डागाळलेली. डाग मी मीठ लावून काढले. इतकं होऊन तो शेवटपर्यंत खेळला. मग तुम्ही काय पाहिलंत?'

मी उभा राहून पत्र वाचत होतो. बसलो. वही काढली. एकाच पानावर दोन्ही होतं. वर 'थांबला', आणि बाजूला, गोलात, 'कोण?'.

नंबर बदलला की सत्राच्या सुरुवातीला माईकवरून सांगतात. मी गाडीत होतो. तरी, आम्ही म्हणतो की पारखी चेहरा बघत नाही, पाय ओळखतो. मी ते पाय जानेवारीपासून बघत होतो. पाठीवरचा आकडा बदलला आणि मला पाय ओळखता आले नाहीत. याचा अर्थ मी कधी पाय बघितलेच नव्हते. नाव न लिहिण्याचा मला अभिमान होता, आणि मी नावाऐवजी आकडा बघत होतो, एवढंच.

इथे मला काय वाटलं ते लिहायला हवं. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल आपला असूनही आपला वाटत नाही, हात लावून बघावा लागतो, तसं झालं. मी स्वयंपाकघरात गेलो, चहा केला, प्यायलो. दुसऱ्या दिवशीही तसंच होतं.

वेळ होती, हे मात्र सांगायला हवं. ज्यांची निवड होत नाही अशा काही मुलांना क्लब सप्टेंबरच्या शिबिराला बोलावतात. माझा एक फोन पुरला असता. माझ्याकडे सहा-सात आठवडे होते. ऑगस्टमध्ये मी फोन उचलला, पण मॅकॉर्डिकला लावला नाही. रोलीला लावला.

"रोली, यादी छापल्यावर कुणी कधी चूक कबूल केली आहे का?"

"कुठली चूक?"

"सहज विचारतोय."

"मास्तर, शंभरातली वीस पोरं खरी निघाली तर आपल्याला देव म्हणतात. उरलेल्या ऐंशींचं काय कबूल करायचं?"

"मतातली चूक नाही. नंबरातली."

"कुणाचा नंबर?"

"कुणाचा नाही."

"बरं. मग ठेवू? गवत कापायचं राहिलंय, ही दारातून बघतेय."

त्यानं विचारलं होतं. मी 'डमिट्रिक' एवढं म्हणालो असतो तर बाकीचं तो ओरडून सगळ्यांना सांगत सुटला असता, मला काहीच करावं लागलं नसतं. तो जाऊन आता नऊ वर्षं झाली.

कर्टिस आणखी दोन वर्षं खेळला. मग त्याच्या नावापुढे आकडे येणं बंद झालं. मी आणखी सोळा वर्षं यादीचं काम केलं. त्या रविवारनंतर मध्यंतरात कधी गाडीत गेलो नाही, जागेवरच बसून राहायचो. एवढाच फरक पडला.

या वर्षी सप्टेंबरात कॅलीन नावाच्या मुलीचा फोन आला. ती आमच्या प्रांतातल्या एका खेळाच्या संग्रहालयात काम करते. माझ्या वह्या तिला हव्या होत्या. मी खोकी भरून दिली. आठवड्यानं तिचा पुन्हा फोन.

"सर, वह्या एकतीस म्हणाला होतात. मोजल्या तर तीस भरतात."

"एक सापडत नाहीये."

"शहाण्णवची आहे ती. सावकाश शोधा, घाई नाही."

वही माझ्या समोर टेबलावर होती. शब्दकोशही तिथेच होता.

ऑक्टोबरमधल्या एका बुधवारी दुपारी मी डॉव्हरनला गेलो. दोन तासांचा रस्ता. माझ्या वयात मी एवढी गाडी चालवू नये असं डॉक्टर म्हणतात, पण त्यांना विचारलं नव्हतं. कोठार पाडलेलं होतं. रिंक होती. दाराशी धार लावायच्या यंत्रावर एक माणूस स्केटचं पातं धरून उभा होता. केस विरळ, नाक मधोमध किंचित डावीकडे वळलेलं.

"कुणाचे आजोबा तुम्ही?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"कुणाचा नाही. असाच आलो, बघायला."

"बसा की मग. कॉफी त्या यंत्रात आहे. कशी आहे ते मला सांगू नका."

मी वर जाऊन कोपऱ्यातल्या बाकावर बसलो. तिथे बसायचं ठरवलं नव्हतं. खाली दहा-अकरा वर्षांची मुलं-मुली सरावाला आली. तो बर्फावर उतरला, आणि त्याच्या पायांचा आवाज झाला नाही. आता मला ते पाय लगेच ओळखू आले.

"वळा," तो सांगत होता. "पक गेला तर जाऊ दे. तुम्ही आधी वळा. एमा, थांबलीस का?"

"तो पुढे गेला होता ना, कोच. वळून काय उपयोग?"

"काही उपयोग नाही. तरी वळायचं. वरती कुणीतरी बसलेलं असतं."

त्या मुलीनं वर पाहिलं. "ते आजोबा?"

"ते कॉफी प्यायला बसलेत. तू वळ."

सराव संपल्यावर तो बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र फिरवून आला आणि माझ्यापासून दोन जागा सोडून बसला. कोटाच्या आतल्या खिशात वही होती. ती मला बरगडीला टोचत होती.

"तुम्ही वळण्यावर फार भर देता," मी म्हणालो.

"मला तेच नडलं. मी चांगला होतो हो. म्हणजे सगळेच तसं म्हणतात म्हणा. या गावात चाळिशीपुढच्या कुणालाही विचारा, गुडघा गेला नसता तर तो आज मोठा खेळाडू असता." तो हसला. "माझे गुडघे शाबूत आहेत. माझ्याबद्दल लिहिलं गेलं की हा मागे वळत नाही. नंतर एका कोचनं सांगितलं मला. कुठला सामना, कुठलं सत्र, सगळं लिहिलेलं होतं."

"आणि तुम्ही थांबला होतात?"

"नाक फुटलेलं, डोळ्यांतून पाणी येत होतं. खरं सांगू का, मला आठवतच नव्हतं. पहिली दोन-चार वर्षं मी म्हणायचो, मी नाही थांबलो. पण ज्यानं लिहिलं तो म्हणे कधी खोटं लिहायचा नाही. मग मी थांबलोच असणार. आणि गंमत बघा, हळूहळू आठवायला लागलं. आता मला स्वच्छ दिसतं. मी पाय सोडलेत आणि बेंचकडे निघालोय." त्यानं हातानं ते घसरणं दाखवलं. ट्रॉय जसा गेला होता, तसंच्या तसं.

मी कॉफी प्यायलो. ती गार झाली होती.

"घरी काय म्हणाले?"

"बाप काही बोलला नाही. आईला मी हे सांगितलंच नाही. तिचं आपलं एकच, पोरगं नाक फुटूनही शेवटपर्यंत खेळलं. ते तिच्यापासून कशाला काढून घ्यायचं? एक्याऐंशीची आहे आता. पलीकडच्या रस्त्यावर म्हाताऱ्यांची इमारत आहे, तिथे असते. तिनं त्या माणसाला पत्र लिहिलं होतं. अजून म्हणते, त्यानं ताटलीत कांद्याची काडीसुद्धा ठेवली नव्हती, असा माणूस उत्तर देतो."

म्हणजे अर्धी गोष्ट आईकडे होती आणि अर्धी मुलाकडे. जर्सी कुणी घातली ते आईला माहीत होतं, पण काय लिहिलं गेलं ते नव्हतं. काय लिहिलं गेलं ते मुलाला माहीत होतं, ते आकडा बघून लिहिलंय हे नव्हतं, आणि आईला दुखवायचं नाही म्हणून तो बोलला नाही. दोन्ही अर्धी माझ्या खिशात होती. हात आत घालायचा, वही काढायची, ते पान उघडायचं. मी हात आत घातलासुद्धा. वहीच्या कडेला बोटं लागली.

"थंडी वाजतेय का?" त्यानं विचारलं.

"थोडी."

"वर जास्त लागते. खाली या, हीटरपाशी."

"नाही, निघतो. उजेड आहे तोवर पोचायला हवं."

"नाव काय तुमचं?"

"अर्विन," मी म्हणालो. आडनाव सांगितलं नाही.

"शनिवारी या अर्विन, मोठ्यांचा सामना असतो. पोट सुटलेले सगळे. हसायला तरी या."

त्यानं माझ्यासाठी दार धरून ठेवलं. ते जड होतं.

घरी पोचल्यावर मी कोट काढला नाही, तसाच टेबलाशी बसलो. पहिलं पत्र चार पानांचं झालं. त्यात माझं बालपण आलं, माझा भिडस्तपणा आला, गाडी, पुस्तक, उणे चौतीस. वाचून पाहिलं तर ते सगळं माझ्याबद्दल होतं. फाडलं. दुसऱ्यात 'क्षमा' हा शब्द पाच वेळा आला होता. तेही फाडलं. तिसरं लिहिलं ते असं:

'ऑड्रीबाई, तुम्ही विचारलं होतं, त्या रविवारी मी काय पाहिलं. मी दोन मुलं पाहिली. सतरा नंबर थांबला. तो ट्रॉय होता. चाळीस नंबर मागे वळला, सगळं बर्फ ओलांडून आला आणि आडवा पडून त्यानं गोल वाचवला. तो कर्टिस होता. मी नंबर बघून लिहिलं आणि तुमच्या मुलाच्या नावापुढे दुसऱ्याचं थांबणं लावलं. जर्सी बदलल्याची घोषणा झाली तेव्हा मी जागेवर नव्हतो. तुमचं पत्र आलं त्या दिवशी ही चूक मला कळली. ती तेव्हा सांगितली असती तर त्याला शिबिराचं बोलावणं मिळू शकलं असतं. मी सांगितली नाही. सोबत माझ्या वहीचं ते पान आहे. ते कर्टिसला वाचायला द्या. त्याला वाटतं की आपण थांबलो होतो. तो थांबला नव्हता. ट्रॉयनं तुमचं काही वाईट केलं नाही, त्याच्यावर रागावू नये. अर्विन थीसन.'

खाली लिहिलं: 'या बुधवारी रिंकवर आलेला म्हातारा मीच.' डबा स्वतंत्र पाठवतो असंही लिहिणार होतो, पण मग ते राहू दिलं.

पान काढताना पट्टी लावून फाडलं, तरी कड वाकडी गेली. उरलेली वही कॅलीनसाठी बाजूला ठेवली. तिच्यावर चिठ्ठी लावली की यातलं एक पान नाही आणि ते मागू नये.

सकाळी पोस्टात गेलो. माझ्यापुढे दोघे होते. काउंटरवरच्या बाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"पाठवणाऱ्याचं नाव नाही यावर."

मी लिहिलं. आडनावासकट, पत्त्यासकट.

"साधं पाठवायचं? घाईचं असेल तर उद्यापर्यंत पोचवता येईल."

"उशीर झालाच आहे."

"म्हणजे घाईचं?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी शिक्का मारला आणि पाकीट मागच्या मोठ्या डब्यात टाकलं. ते इतर पाकिटांवर पडलं, पत्त्याची बाजू वर. मागितलं असतं तर त्यांनी परत काढून दिलं असतं. हाताच्या अंतरावर होतं. मागे उभी असलेली बाई खोकली. मी टोपी घातली आणि रांगेतून बाजूला झालो.